अर्ध्यावर राहिलेली पदवी

परदेशीं शिकावयास गेलेल्या मुलाच्या घरांत दोन दिवस कायमचे लक्षांत राहतात. एक, तो निघाला तो दिवस. आणि दुसरा, तो पदवी घेऊन परत आला तो दिवस. पहिल्या दिवशीं देवापुढें नारळ ठेवतात, निघतांना हातावर दहीं घालतात. दुसऱ्या दिवशीं पेढे वांटतात. या दोहोंच्या मधोमध आणखी एक दिवस येतो. त्या दिवशीं कोणी दहीं घालीत नाहीं, कीं पेढे वांटीत नाहीं. मुलगा तिकडे आपल्या खोलींत एकटाच बसून बोटें मोजतो आणि त्याच्या ध्यानांत येतें, कीं अभ्यासाची निम्मी मुदत संपली. पूर्वीं घरचें पत्र येई, हल्लीं दूरध्वनि येतो, आई विचारते, "किती राहिलें रे?" तो सांगतो, "अर्धें झालें."

हे दोन शब्द मोठे फसवे आहेत. आनंदानें उच्चारले, तर निम्मा डोंगर चढून झाला असा त्यांचा अर्थ होतो. काळजीनें उच्चारले, तर निम्मी शिदोरी संपली असा होतो. इंग्लंडांतील एम्. ए. बहुधा एका वर्षाची, अमेरिकेंतील बहुधा दोन वर्षांची. डॉक्टरची पदवी याहून पुष्कळ लांबची. मुदत कोणतीही असो, तिच्या मध्यावरची मनःस्थिति सारखीच असते. नव्या देशाची नवलाई ओसरलेली असते, घरची ओढ मात्र ओसरलेली नसते. पहिल्या अर्ध्यांत जें शिकलें त्यानें दुसऱ्या अर्ध्याचें काम हलकें होण्याऐवजीं वाढलेलेंच असतें. कारण आपल्याला काय येत नाहीं, हें त्याला आतां कोठें कळूं लागलेलें असतें. परत फिरावें तरी तेवढीच वाट, पुढें जावें तरी तेवढीच. परदेशीं गेलेल्या विद्यार्थ्याची खरी परीक्षा येथें होते.

या परीक्षेचें स्वरूप पाहावयाचें असेल, तर एका मोठ्या माणसाच्या विद्यार्थिदशेकडे पाहावें. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांना भारताच्या राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून सारें जग ओळखतें. त्यांच्या नांवापुढील पदव्यांची मालिकाही पुष्कळांना पाठ असते : एम्. ए., पीएच्. डी., एम्. एस्सी., डी. एस्सी., बॅरिस्टर ॲट लॉ. एका ओळींत लिहिलेल्या या पदव्या वाचल्या म्हणजे त्या जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणें एकीमागून एक सहज चढून झाल्या असाव्यात, असें वाटतें. वस्तुस्थिति तशी नाहीं. १९१७ सालीं, सव्वीस वर्षांचे असतांना, भीमरावांच्या हातीं यांपैकीं पहिली तेवढी पदवी पडली होती. बाकीच्या साऱ्या अर्ध्यावर राहिल्या होत्या. त्या अर्ध्या वाटेची ही हकीकत आहे.

आरंभ १९१३ सालचा. त्या वर्षाच्या फेब्रुवारींत वडील सुभेदार रामजी वारले. घरीं पत्नी रमाबाई आणि कांहीं महिन्यांचा मुलगा यशवंत. अशा वेळीं बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीं त्यांस अमेरिकेंत उच्च शिक्षणासाठीं शिष्यवृत्ति दिली. रक्कम दरमहा साडेअकरा पौंड. मुदत तीन वर्षें. बदल्यांत करार असा, कीं परत आल्यावर दहा वर्षें बडोदें संस्थानाची नोकरी करावी. जून महिन्यांत करारावर सही झाली आणि जुलैमध्यें भीमराव न्यूयॉर्कला पोंचले. तेथील कोलंबिया विद्यापीठांत त्यांचें नांव दाखल झालें.

अभ्यासाचा हा पहिला अर्धा म्हणजे भुकेल्यापुढें वाढलेलें ताट होतें. एकट्या अर्थशास्त्राचे एकोणतीस आणि इतिहासाचे अकरा पाठ्यक्रम त्यांनीं घेतले. शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र, आणि वर फ्रेंच व जर्मन या भाषांचा प्राथमिक अभ्यास. शिकवावयास एड्विन सेलिग्मन यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ आणि जॉन ड्यूई यांच्यासारखे तत्त्वज्ञ. १९१५ सालीं एम्. ए. झाली. ९ मे १९१६ रोजीं प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गांत भारतांतील जातिसंस्थेच्या उत्पत्तीवर त्यांनीं आपला निबंध वाचला. तो निबंध आजही अभ्यासिला जातो. पुढच्याच महिन्यांत भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावरील प्रबंध डॉक्टरच्या पदवीसाठीं तयार झाला. शिष्यवृत्तींतून घरीं पैसे पाठवावयाचे, आणि उरलेल्यांतून जुनीं पुस्तकें विकत घ्यावयाचीं, हा त्यांचा तेथला संसार होता.

त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत ते लंडनला आले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें त्यांनीं प्रवेश घेतला. फी साडेदहा पौंड, म्हणजे दहा गिनी. मॅकिंडर यांच्याकडे भूगोल, हॉबहाउस यांच्याकडे समाजाची उत्क्रांति, लोझ डिकिन्सन यांच्याकडे राजकीय विचार, असे विषय ठरले. नोव्हेंबरांत ग्रेज इन् या संस्थेंत बॅरिस्टरीसाठीं नांव घातलें. महायुद्ध ऐन भरांत होतें. शिष्यवृत्तीचीं तीन वर्षें जूनमध्येंच संपलीं होतीं. विनंतीवरून ती आणखी एक वर्ष वाढवून मिळाली होती. तें वर्षही १९१७ च्या उन्हाळ्यांत सरलें. आतां परत यावें, असा बडोद्याचा निरोप आला.

त्या दिवशीं या विद्यार्थ्याच्या पदरीं काय होतें, याची मोजदाद करून पाहण्यासारखी आहे. कोलंबियाचा प्रबंध लिहून झाला होता. पण तेथील नियमाप्रमाणें प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठांत दाखल केल्याखेरीज डॉक्टरची पदवी पदरांत पडत नसे, आणि छपाईला पैसे नव्हते. लंडनच्या पदवीचें एक वर्ष झालें होतें; प्रबंध व्हावयाचा होता. बॅरिस्टरीसाठीं ठराविक सत्रें भरावीं लागत, आणि सत्र भरल्याची खूण म्हणजे इन्‌च्या भोजनगृहांत बसून घेतलेलीं जेवणें. तीं जेवणेंही अर्ध्यावरच राहिलीं. तीन ठिकाणीं तीन कामें, आणि तिन्ही अपुरीं. चार वर्षें घरापासून दूर राहून, रात्रींचे दिवस करून, शेवटीं सांगण्यासारखी एकच पदवी. एखाद्या साधारण माणसानें कपाळाला हात लावला असता.

भीमरावांनीं त्या वेळीं एक लहानसें, दिसावयास अगदीं कारकुनी काम केलें. लंडन सोडण्यापूर्वीं त्यांनीं विद्यापीठाकडे अर्ज करून अभ्यास तहकूब ठेवण्याची परवानगी मागितली. विद्यापीठानें ती दिली : चार वर्षांच्या आंत परत येऊन राहिलेला अभ्यास पुरा करावा. सरकारी भाषेंतला एक कागद तो. पण त्या कागदामुळें 'सोडला' आणि 'थांबविला' या दोन शब्दांत अंतर राहिलें. सोडलेल्या गोष्टीला तारीख नसते. थांबविलेल्या गोष्टीला ती असते, आणि ती तारीख माणसाला स्वस्थ बसूं देत नाहीं.

परतीचा प्रवास युद्धकाळांतला. भीमराव एका बोटीनें आले आणि सामान दुसऱ्या बोटीनें निघालें. सामानाची बोट पाणतीरानें बुडाली. चार वर्षांत पोटाला चिमटा घेऊन जमविलेल्या पुस्तकांपैकीं पुष्कळशीं त्या बोटीबरोबर समुद्रांत गेलीं. ऑगस्टमध्यें ते मुंबईस पोंचले. विम्याची जी रक्कम आली ती बडोद्याला जाण्याच्या खर्चास उपयोगीं पडली.

बडोद्यांत जें घडलें तें त्यांनीं स्वतःच पुढें लिहून ठेवलें आहे. राहावयास जागा मिळेना. अस्पृश्य मानलेल्या जातींतल्या माणसाला कोणी खोली देईना. एका पारशी धर्मशाळेंत नांव बदलून ते राहिले. अकराव्या दिवशीं हातांत काठ्या घेतलेले लोक दारांत येऊन उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा त्यांनीं हुकूम केला. परिचितांकडे आसरा मागितला. तोही मिळाला नाहीं. शेवटीं रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत सार्वजनिक बागेंत बसून ते मुंबईस परतले. न्यूयॉर्क आणि लंडन येथील विद्यापीठांनीं ज्याला आपल्या वर्गांत मानानें बसविलें, त्याला स्वदेशांतल्या एका शहरांत पाठ टेकावयास जागा मिळाली नाहीं. अर्ध्यावर राहिलेल्या शिक्षणाला हा दुसरा धक्का. पहिला धक्का पैशाचा होता. हा, शिकून तरी काय उपयोग, असें विचारणारा होता.

यापुढचा धोका मात्र निराळ्या जातीचा, आणि अधिक सूक्ष्म होता. १९१८ च्या नोव्हेंबरांत मुंबईच्या सिडनॅम कॉलेजांत त्यांना अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार साडेचारशें रुपये. त्या काळीं ही रक्कम लहान नव्हती. प्राध्यापकांसाठीं ठेवलेल्या भांड्यांतलें पाणी त्यांनीं पिऊं नये, असें म्हणणारे कांहीं सहकारी तेथेंही निघाले. पण विद्यार्थी त्यांचीं व्याख्यानें ऐकण्यास उत्सुक असत. घर परळच्या चाळींतल्या दोन खोल्यांत. यशवंत सहा वर्षांचा झालेला. अर्ध्यावर अभ्यास टाकून आलेला माणूस बहुधा अशाच ठिकाणीं कायमचा थांबतो. संकटानें थांबत नाहीं, सोईनें थांबतो. नोकरी बरी असते, मुलें मोठीं होत असतात. पुढल्या वर्षीं जाऊं, असें म्हणतां म्हणतां तें पुढलें वर्ष कधीं उजाडतच नाहीं.

त्यांतून सार्वजनिक कार्याची हांक. १९१९ सालीं साउथबरो समितीपुढें मताधिकारासंबंधीं त्यांनीं साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजीं, कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या साहाय्यानें, 'मूकनायक' हें पाक्षिक सुरू झालें. मार्चमध्यें माणगांवची परिषद झाली. कार्य उभें राहत होतें, लोक आशेनें पाहूं लागले होते. अशा वेळीं लंडनला परत जाणें हें कित्येकांना अप्रयोजक वाटलें असतें. पण विद्यापीठाची चार वर्षांची मुदत १९२१ मध्यें संपणार होती. भीमरावांनीं त्या पगारांतून पै पै करून शिल्लक टाकली होती. घर चालविण्यासाठीं रमाबाईंच्या हातीं ठराविक रक्कम देत आणि बाकीची बाजूला ठेवीत. या काटकसरीचें निम्में श्रेय त्या माउलीचें आहे. चरित्रांत तिच्या वांट्याला ओळी मात्र थोड्या आल्या आहेत. शिलकीला शाहू महाराजांची मदत आली. आणि कोलंबियाच्या वसतिगृहांतले मित्र नवल भथेना यांनीं पांच हजार रुपये कर्जाऊ दिले. मार्चमध्येंच नोकरी सोडली होती. जुलै १९२० मध्यें बोट हांकारली.

लंडनमध्यें पाऊल ठेवल्यावर पहिली गोष्ट दिसली ती ही, कीं फी एका गिनीनें वाढली होती : दहाच्या अकरा झाल्या होत्या. ही वाढ सोसण्याजोगी होती. त्याहून मोठा घाव रुपयानें घातला. १९२० च्या आरंभीं सरकारनें रुपयाची किंमत सोन्याच्या दोन शिलिंगांइतकी ठरविली. पण तो भाव टिकला नाहीं. पुढल्या सालीं रुपया सोळा पेन्सच्याही खालीं गेला. घरून शंभर रुपये निघाले, तर दोन शिलिंगांच्या भावानें त्यांचे दहा पौंड होतात. सोळा पेन्सच्या भावानें सहा पौंड, तेरा शिलिंग, चार पेन्स. म्हणजे ज्या विद्यार्थ्याची सारी पुंजी रुपयांत, तिचा तिसरा हिस्सा, एक पैही खर्च न करतां, नाहींसा होतो. परदेशीं शिकणाऱ्या मुलांच्या आईबापांना हा हिशेब आजही समजावून सांगावा लागत नाहीं. नवल हें, कीं याच काळांत भीमराव ज्या प्रबंधासाठीं पुस्तकें चाळीत होते त्याचा विषय रुपयाचा प्रश्न हाच होता. ज्या दुखण्याचें शास्त्र ते लिहीत होते, त्याच दुखण्याची झळ त्यांच्या खिशाला लागत होती.

अभ्यासाचा हा दुसरा अर्धा पहिल्यासारखा राहिला नव्हता. न्यूयॉर्कमध्यें त्यांनीं पांचसहा शास्त्रांचें अंगण धुंडाळलें होतें; आतां सारी शक्ति एका विहिरीवर लावली. सकाळीं ब्रिटिश म्यूझियमचें ग्रंथालय उघडण्याच्या वेळीं आंत जावयाचें आणि बंद होण्याच्या वेळीं बाहेर पडावयाचें. सकाळीं पाव आणि चहा. रात्रीं उशिरां भूक लागली म्हणजे ओळखीच्या गृहस्थानें दिलेले पापड पत्र्यावर भाजून त्यांवर भागवावयाचें, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. पहिल्या खेपेस ज्ञानाचें आकर्षण पुढें ओढीत होतें. दुसऱ्या खेपेस निश्चय मागून ढकलीत होता. आणि बडोदें, परळ, माणगांव यांनीं मधल्या तीन वर्षांत त्या निश्चयाला धार लावली होती. हीं वर्षें वायां गेलीं असें वाटलें होतें. पण शिकावयाचें कशासाठीं, या प्रश्नाचें उत्तर त्यांतच मिळालें होतें.

जून १९२१ मध्यें, मुदत संपण्यापूर्वीं, एम्. एस्सी. झाली, तिचा प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानांतील वसुलाच्या प्रांतवार वांटणीवर होता. १९२२ सालीं बॅरिस्टरीची सनद मिळाली. मग 'रुपयाचा प्रश्न' डी. एस्सी.साठीं सादर झाला. आणि वाट सरली असें वाटत असतांना पुन्हां एक अडसर आला. मार्च १९२३ मध्यें परीक्षकांनीं प्रबंध आहे त्या स्वरूपांत स्वीकारला नाहीं. सरकारच्या धोरणावरील त्यांतली टीका फार कडक ठरली. तोंवर पैसे संपले होते. एप्रिलमध्यें भीमराव मुंबईस परतले. म्हणजे पुनः अर्ध्या वाटेवर! परंतु आतां या मुक्कामाची त्यांना ओळख होती. मुंबईंत बसून त्यांनीं प्रबंधाची मांडणी सुधारली, निष्कर्ष बदलले नाहींत, आणि ऑगस्टमध्यें तो पुन्हां लंडनला पाठविला. नोव्हेंबरांत तो मान्य झाला. वर्ष संपण्याच्या सुमारास तो ग्रंथरूपानेंही निघाला. प्राध्यापक एड्विन कॅनन यांनीं त्याला प्रस्तावना लिहिली आणि तींत आपला मतभेदही मोकळेपणानें नोंदविला. ग्रंथ मात्यापित्यांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे.

राहिली कोलंबिया. १९२५ सालीं प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ लंडनमध्यें प्रसिद्ध झाला. तो त्यांनीं सयाजीराव महाराजांस अर्पण केला आणि त्याला प्रस्तावना जुन्या गुरुजींची, सेलिग्मन यांची, मिळाली. छापील प्रती विद्यापीठांत दाखल झाल्या; आणि १९२७ सालीं कोलंबियानें पीएच्. डी. दिली. १९१३ ते १९२७. शिष्यवृत्ति तीन वर्षांची होती. पदव्या पुऱ्या व्हावयास चौदा वर्षें लागलीं.

लंडनमध्यें किंग हेन्रीज रोडवर दहा क्रमांकाचें एक घर आहे. १९२१-२२ मध्यें भीमराव तेथें राहत असत. २०१५ सालीं महाराष्ट्र शासनानें तें विकत घेतलें आणि तेथें स्मारक केलें. लंडनला गेलेले मराठी विद्यार्थी तें पाहावयास जातात. मोठ्या माणसाचें घर म्हणून ते जात असतील. पण ज्याचा अभ्यास त्या वेळीं अर्ध्यावर आहे त्यानें तें आणखी एका नात्यानें पाहावें. अर्ध्यावरून परत आलेल्या एका विद्यार्थ्याचें तें बिऱ्हाड आहे.

या हकीकतींतून घरच्या मंडळींनीं घ्यावयाच्या गोष्टी थोड्या आणि साध्या आहेत. आजारपण, पैशाची अडचण, घरांतला मृत्यु अशा कारणानें मुलाला अभ्यास थांबवावा लागला, तर तो रीतसर अर्ज करून आणि तारीख घालून थांबवावा. अशी सोय आजही बहुतेक विद्यापीठांत असते, पण ती मागावी लागते. मधल्या काळांत परत आलेल्या मुलाकडे हरून आलेल्यासारखें पाहूं नये. तीं वर्षें त्याच्या अभ्यासाचाच भाग ठरूं शकतात. आणि ज्याला शक्य असेल त्यानें नवल भथेना व्हावें. त्या मित्रानें प्रबंधाची एक ओळही लिहिली नाहीं. त्यानें वेळेवर पैसे काढून दिले एवढेंच. पण तेवढ्यानें एक वाट बंद पडावयाची राहिली.

आणि आईनें "किती राहिलें?" असें विचारण्यापेक्षां "काय काय राहिलें?" असें विचारून पाहावें. पहिल्या प्रश्नाला मुलगा "अर्धें" म्हणून गप्प बसतो. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देतांना त्याला एक एक काम नांव घेऊन मोजावें लागतें. आणि मोजलेलें काम न मोजलेल्या कामापेक्षां नेहमींच थोडें हलकें असतें.